उरल्याच्या तळ्यावरचं दार

लग्नाच्या पंगतीत मी बसलो की शेजारचा माणूस हळूच थोडा सरकून बसायचा. पहिली काही वर्षं मला वाटलं, आपण कॉलेजात कामाला म्हणून लोक मान देतात. मग एकदा आमच्या मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तोंडावरच सांगितलं, "मान कायचा? तुमच्या अंगाले औषधाचा वास येते. आधी आंघोळ करून या, मग पोट्टीले घ्या."

तो वास फॉर्मेलिनचा आणि स्पिरिटचा. रायपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात मी चौतीस वर्षं लॅब अटेंडंट होतो. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, रेल्वेतले साहेब तर दरवर्षीच लिहितात. यंदा संपादकांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "ढोबळे, तुम्ही लिहा." म्हटलं, बाटल्यांवर लिहू का? ते म्हणाले, लिहा. आता भोगा.

अटेंडंट म्हणजे चहा आणणारा, असं पुष्कळांना वाटतं. चहाही आणला, खोटं कशाला बोलू? पण खरं काम बाटल्यांचं. आमच्याकडे काचेच्या सहाशेच्या वर बाटल्या होत्या. कुणात साप, कुणात बेडूक, कुणात विंचू, खेकडे, गोमा. झाकण कितीही घट्ट लावा, आतलं स्पिरिट उडतंच. दर महिन्याला प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहायची, कमी झालं असेल तेवढं भरायचं, झाकणाच्या कडेला व्हॅसलीन फिरवायचं. एक महिना आळस केला की आतला प्राणी सुकून चामडं होतो.

आणि प्रत्येक बाटलीत एक चिठ्ठी. जाड कागदाची, शिसपेन्सिलीनं लिहिलेली, बाटलीच्या आत प्राण्यासोबत बुडालेली. पेनची शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते, पेन्सिल जात नाही. चिठ्ठीवर तीन गोष्टी: कुठे सापडला, कधी सापडला, कोणी आणला. आमचे जुने विभागप्रमुख, ज्यांना मी नुसतं सर म्हणायचो, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ढोबळे, प्राणी हरवला तर दुसरा भेटेल. चिठ्ठी हरवली तर असलेला प्राणीही काही कामाचा राहात नाही." मी जोरात मान हलवली होती. पुढे मी काय केलं ते येईलच.

कॉलेजात प्राण्यांचा माणूस आहे ही बातमी गावभर होती, त्यामुळे लोक काहीबाही घेऊन यायचे. शहराबाहेरच्या उरला गावातल्या रोलिंग मिलमधला एक कामगार शिफ्ट सुटल्यावर थेट सायकलवर आला, हातमोज्यात 'दोन तोंडांचा' साप घेऊन. बिचाऱ्या मांडुळाला शेपूट बोथट असते एवढाच त्याचा गुन्हा. पण माझ्या डोक्यातून न गेलेलं गिऱ्हाईक म्हणजे चौबे कॉलोनीतल्या एक बाई. पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीघरात एक लांब, चपटा, काळपट प्राणी निघाला. डोकं पाहावं तर हातोडीसारखं आडवं. बाईंनी त्याला सापाचं पिल्लू समजून चिमट्यानं धरलं, विळीवर त्याचे चार तुकडे केले आणि मुरंब्याच्या बरणीत भरून माझ्यापुढे आणून ठेवले.

"मेलं न हे?" त्यांनी विचारलं.

सरांनी सांगितलं, हा चपटकृमी. मी ते चार तुकडे ओल्या टिपकागदावर ठेवले आणि रोज झाकण उघडून पाहू लागलो. काही दिवसांनी एका तुकड्याला पुढच्या अंगाला बारीक गाठ आली. मग ती पसरली. अहो, डोकं! शेपटाच्या तुकड्याला डोकं फुटलं! चारही तुकडे चार स्वतंत्र जीव होऊन फिरायला लागले. मी अटेंडंटच्या स्टुलावर बसून पाहातच राहिलो. कोणाला हात जोडावे तेही समजेना. बाईंना निरोप दिला तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाई बाई! म्हणजे मी मारलं नाही, वाढवून राहिली होती?"

त्या दिवसापासून मी बाटल्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. पण नजर वेगळी झाली म्हणून अक्कल आली असं नाही.

माझं अक्षर सुंदर. हे मी सांगत नाही, सगळं कॉलेज सांगायचं. फळ्यावरच्या सूचना, गॅदरिंगचे बॅनर, सगळं माझ्याकडे. एका वर्षी तपासणी समिती येणार होती. सर तोवर निवृत्त झाले होते. नवे प्रमुख म्हणाले, "ढोबळे, या चिठ्ठ्या किती घाण दिसतात! म्युझियम चमकलं पाहिजे." मी दिवाळीची सुट्टी घरी घालवली नाही. एकेक बाटली उघडली, चिमट्यानं पिवळी पडलेली चिठ्ठी काढली आणि बाहेरून पांढरंशुभ्र कार्ड चिकटवलं, काळ्या शाईत, ब्रशनं. आणणाऱ्याचं नाव ठेवलं. साल ठेवलं. गावांची नावं मात्र कुठे पुसट, कुठे लांबलचक, कुठे मला न लागणारी. कार्डावर बसेनात. मग सगळीकडे एकच टाकलं, झोकदार वळणात: रायपूर.

जुन्या चिठ्ठ्यांचा बादलीत लगदा झाला. तो मी मोरीत ओतला. समितीनं वाहवा केली, मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते फ्रेम करून आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर लागलं. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

निवृत्त झालो. दोनेक वर्षांनी घराची घंटा वाजली. दारात पाठीला बॅग लावलेली एक पोट्टी. गार्गी मोहरील. आजोबा अमरावतीचे, रेल्वेत होते, म्हणजे आपल्यातलीच. पण बोलणं सगळं हिंदीत. मी मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं शेवटपर्यंत चाललं. ती कोळ्यांवर संशोधन करून राहिली होती आणि आमच्या कॉलेजातल्या जुन्या बाटल्या तपासायची परवानगी तिला मिळाली होती.

"काका, वो तीन सौ बारह नंबर की बोतल याद है?"

आठवत कशी नसेल? तिसऱ्या रॅकवर, खालच्या कप्प्यात. एक जाडजूड, काळपट तपकिरी कोळी, आणि त्याच्याशेजारी रुपयाएवढी मातीची गोल चकती. दर महिन्याला मी तिच्यावरून फडकं फिरवत होतो.

"वैसी मकड़ी कहीं दर्ज नहीं है," गार्गी म्हणाली. "पूरी दुनिया में नहीं. किसी ने उसे अभी तक नाम ही नहीं दिया."

 माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि आमच्या तिसऱ्या रॅकवर एक जीव बिननावाचा बसला होता, माझ्या फडक्याखाली! मी लगेच चपला घातल्या आणि तिच्यासोबत कॉलेजात गेलो.

तिनं मला भिंगातून दाखवलं. हा झाकणवाला कोळी, त्यातली ही मादी. जाळं विणत नाही. जमिनीत बोटभर रुंदीचं बीळ खणते, आतून रेशमानं गिलावा करते, आणि तोंडावर माती न रेशीम मिसळून एक दार बसवते. एका बाजूनं रेशमाची बिजागरी. दाराच्या वरच्या अंगाला आजूबाजूचं शेवाळ आणून लावते, म्हणजे बंद केलं की कोणाच्या बापाला सापडायचं नाही. मादी सगळी जिंदगी त्या एका बिळात काढते, वीस-वीस वर्षं. भक्ष्य जवळून गेलं की दार उघडून झडप, की पुन्हा बंद. ती मातीची चकती म्हणजे तिचं दार होतं. गार्गीनं ते उलटं केलं. आतल्या पांढऱ्या अस्तरात टाचणीनं पाडल्यासारखी बारीक भोकं होती, ओळीनं.

"ये उसके दाँतों के निशान हैं. कोई बाहर से खोले तो वो अंदर से दाँत गड़ाकर दरवाज़ा पकड़ती है."

माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी ती चकती मातीचं ढेकूळ समजत होतो.

मग तिनं सावकाश खरी अडचण सांगितली. या एका कोळ्यावर तिचं सगळं काम अडलं होतं. बाटलीतला प्राणी जुना, पोट सुकलेलं, त्यातून आता डीएनए तपासणीपुरतं काही निघत नव्हतं. ही कोळीण जिथली आहे तिथेच तशीच दुसरी जिवंत सापडली तर नाव देता येईल. नाही सापडली तर गार्गीचे गाईड ते प्रकरणच प्रबंधातून काढायला सांगणार होते. आणि कोळी पुन्हा बिननावाचा रॅकवर.

"कार्ड पे सिर्फ़ रायपुर लिखा है, काका. रायपुर में कहाँ?"

मी खाली पाहिलं. खोटं बोलावंसं वाटलं, हेही कबूल करतो. म्हणू शकलो असतो की चिठ्ठीच नव्हती. पण ती पोट्टी माझ्या सुंदर अक्षराकडे बोट दाखवून उभी होती.

"मी फेकली बेटा," मी म्हटलं. "कागद घाण दिसे म्हणून फेकली. साऱ्याच फेकल्या."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती बॅगची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. घरी आल्यावर मी टीव्हीवरची फ्रेम काढली. मंदानं विचारलं, "काहून काढली?" म्हटलं, भिंतीला ओल आली.

कार्डावर एक गोष्ट मात्र मी शाबूत ठेवली होती: आणणाऱ्याचं नाव. कुमारी शैला पिंपळकर. एमएस्सीची, वर्गात पहिली. त्या काळी प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेआधी स्वतः गोळा केलेले काही प्राणी जमा करावे लागत. शैलाताई आता समता कॉलोनीत राहतात, खाली यजमानांचा दवाखाना, वर घर. दुसऱ्याच दिवशी मी गार्गीला घेऊन पोचलो. केस पिकले होते, पण हसणं तेच.

"अगं बाई, ढोबळे भाऊ! बसा न. काय घेता?"

मी सगळं सांगितलं आणि हात जोडून विचारलं, "ताई, आठवा जरा. ती कोळीण तुम्ही कोठून पकडली होती?"

 शैलाताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, त्या थांबेचनात.

"मी? मी पकडीन कोळी? अहो, मले झुरळाची भीती वाटते! तुम्हीच तर आणून दिला होता!"

आता हे नीट सांगायला पाहिजे. पोरं गोळा करायला जायची नाहीत. परीक्षा जवळ आली की अटेंडंटच्या मागे लागायची: ढोबळे भाऊ, एक बेडूक द्या न, एक खेकडा आणा न. आणि मी आणून द्यायचो. सगळ्याच कॉलेजांत हे चालायचं, कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. प्राणी माझा, चिठ्ठीवर नाव त्यांचं. पण वर्गात पहिल्या येणाऱ्या पोरीही मागायच्या, हे माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं.

"आणि चिठ्ठीवर गाव काय लिहिलं होतं ताई?"

"अमरकंटक," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या. "सरांवर छाप पडावी म्हणून. मी अमरकंटकले आजपर्यंत गेली नाही!"

गार्गीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. म्हणजे चिठ्ठी राहिली असती तर ही पोट्टी अमरकंटकच्या डोंगरात कोळी शोधत फिरली असती. जिच्यासाठी मी कालपासून स्वतःला कोसत होतो, ती चिठ्ठी मुळातच खोटी होती. आणि त्या खोट्यात अर्धा हात माझा होता. मला हसावं की रडावं समजेना. मी दोन्ही थोडं थोडं केलं.

"पण एक आठवते," शैलाताई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्या पायजम्याले गुडघ्यापर्यंत पिवळी माती होती. तुम्ही म्हणाले, ताई, हे पाहा, बाई दार लावून बसली होती तळ्याच्या पारावर, सायकलवरून उतरून आणली."

झालं. डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी उरल्याला मोठ्या भावाकडे राहात होतो. तो मिलमध्ये कामाला. मी रोज सकाळी सायकलनं तळ्याच्या कडेनं निघायचो. तळ्याभोवतीच्या मातीच्या बांधाला आपण इकडे पार म्हणतो, तो सगळा मटासीचा, म्हणजे इथल्या पिवळट मातीचा. तिथे देवाचा एक ओटा, बाजूला कडुनिंब. तिथेच मी वाकलो होतो. ते दार मला दिसलं कसं, आणि पुढे ते विसरून मी त्याला मातीचं ढेकूळ कसं समजू लागलो, ते आजही सांगता येणार नाही.

"काका, वो तालाब अभी है?" गार्गीनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. भाऊ वारल्यावर मी तिकडे फिरकलो नव्हतो.

रविवारी सकाळी गेलो. ओळखू येईना. रस्त्यावर ट्रकमागे ट्रक, झाडांच्या पानांवर काळी धूळ, भावाची चाळ होती तिथे लोखंडी पत्र्यांची भिंत. तळं अर्धं बुजलेलं. तीन बाजूंचा पार खोदून नेलेला, त्यावर कारखान्याची राख टाकलेली.  म्हटलं, गेलं. नाव मिळायच्या आधीच संपली बिचारी. एकच होती तर तीही मीच बाटलीत घातली.

चौथ्या बाजूला कडुनिंब दिसला. त्याच्याखाली तो ओटा, वर मातीचे दोन घोडे, शेंदूर. तेवढा वीस-पंचवीस पावलांचा पार जसाच्या तसा होता. मी खाली बसलो आणि खिशातला चमचा काढला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एती झन कोड़व भैया! ठाकुरदेव के ठौर ए."

एक म्हातारी, हातात झाडू. तिचं म्हणणं, इथे ठाकुरदेव बसतो, इथे कोणी खणत नाही. मुरुमाचे ठेकेदार आले तेव्हाही पारावरच्या बायांनी त्यांना परत पाठवलं होतं. म्हणून हा तुकडा उरला. मी चमचा ठेवून दिला. गार्गीनं मोबाईलवर त्या बाटलीतल्या दाराचा फोटो दाखवला. म्हातारीनं फोन डोळ्याजवळ धरला, मग लांब धरला, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हव, ए तो हमर कपाट वाली मकड़ी ए. लइका रहेन त एखर घर म काड़ी डारन."

कपाट म्हणजे त्यांच्याकडे दार; लहानपणी या बाया त्या दारवालीच्या घरात काडी घालून खेळायच्या! जगात कोणाला माहीत नसलेली कोळीण या बाईच्या लहानपणाची सवंगडी होती. म्हातारी ओट्याच्या मागे गेली, वाकली, आणि शेवाळलेल्या मातीवर एका जागी बोट ठेवलं. आम्हाला तिथे माती सोडून काही दिसलं नाही.

"खोल के देख," ती म्हणाली.

मी गुडघ्यांवर बसलो. गुडघे आता कुरकुरतात, पण बसलो. गार्गीनं बारीक सुई हातात दिली. बोटानं चाचपत कड शोधली. केसाएवढी फट लागली. सुईचं टोक आत घातलं आणि अलगद उचललं. दार पोह्याच्या जाडीएवढं वर आलं.

आणि आतून कोणीतरी ते ओढलं.

काय सांगू तुम्हाला! बोटभर बिळातल्या त्या जिवानं असं दार खेचून घेतलं की सुई माझ्या चिमटीत थरथरली. मी पुन्हा उचललं. पुन्हा आतून ओढ. ती मला ढळढळीत सांगून राहिली होती: घर माझं आहे, तू कोण? बाटलीतल्या दाराला असलेली ती बारीक भोकं आता माझ्या हाताला समजली. चौतीस वर्षं मी मेलेल्या जिवांची राखण केली, आणि एक जिवंत जीव माझ्याशी असा पहिल्यांदाच बोलला. मी तिथेच मातीत बसून रडलो. लाज वाटली नाही.

"काका, है न?" गार्गी कुजबुजली.

"आहे," मी म्हटलं. "आहे, आणि लय तापट आहे."

म्हातारीनं गवताची काडी घेतली, दाराशी किडा चालल्यासारखी हलवली. दार फाडकन उघडलं. काळीभोर, चकचकीत, जाड पायांची ती अर्धी बाहेर आली. गार्गीनं तिला अलगद डबीत घेतलं, भिंगाखाली पाहिलं, फोटो काढले, आणि म्हणाली, वही है. तपासणीपुरता एक पाय पुरे होता. कात टाकताना पाय पुन्हा फुटतो, असं तिनं म्हातारीला दोनदा समजावून सांगितलं. म्हातारी म्हणाली, मग ठीक, तेव्हा गार्गीनं तो काढून घेतला. नाव बाटलीतल्या जुन्या कोळिणीवरूनच नोंदलं जाणार, ही इथेच राहणार. तिला बिळाशी सोडली. ती आत शिरली आणि दार लागलं. पाहता पाहता ती जागा कुठली, तेही मला सांगता येईना.

गार्गीनं तो पाय इवल्याशा बाटलीत घातला, बॅगमधून जाड कागदाची पट्टी आणि शिसपेन्सिल काढली आणि माझ्यापुढे धरली.

"आप लिखिए. आपकी राइटिंग अच्छी है."

मी लिहिलं. झोकदार नाही, सरळ, एकेक अक्षर सुटं. उरला, जुन्या तळ्याचा पार, ठाकुरदेवाच्या ओट्यामागे, पिवळी माती, कडुनिंबाखाली. मग तारीख. शेवटची ओळ आली, कोणी आणला, आणि माझा हात थांबला. आजवर त्या जागी मी शेकडो पोरापोरींची नावं लिहिली होती. गार्गीचं लिहायला पेन्सिल टेकवली, तर तिनं माझं मनगट धरलं.

"मेरा नहीं, काका," ती म्हणाली. आणि मग, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच, अडखळत मराठीत, "तुमचं लिहा न."

मी माझं नाव लिहिलं. खाली म्हातारीचं लिहिलं, तिचं नाव फिरंतीन. चिठ्ठी बाटलीत सरकवली, ती स्पिरिटमध्ये बुडाली. मी बाटली उजेडात धरून पाहिली. अक्षरं नीट वाचता येत होती.